काठाच्या रकान्यातला ‘निरंक’

अर्जदार : जनाबाई सखाराम भानारकर, वय अंदाजे सत्तर, धंदा तलावातील मासेमारी, राहणार बोडीटोला, तालुका मुलचेरा.

गैरअर्जदार : पुंडलिक गोमाजी शेंडे, वय बावन्न, शिक्षण नववी उत्तीर्ण, धंदा अर्जनवीस, बैठक कचेरीसमोरील चिंचेखाली, मुलचेरा.

घटनेचे ठिकाण : बोडीटोल्याच्या जुन्या तलावाचा उगवतीकडचा काठ.

घटनेचा काळ : तीन वर्षांमागील कार्तिक. तारीख स्मरत नाही. धान पिवळे झाले होते आणि तलावाचे पाणी उतरत होते.

साक्षीदार : एक, लालसू दादा, त्याच गावचे. दोन, मुग्धा मॅडम, संशोधक, सध्या कोकणात. तीन, कमळासारख्या पानांवरून चालणारा पक्षी, दोन हंगामांपासून गैरहजर.

सत्तावीस वर्षे मी या तालुक्याचे अर्ज लिहीत आलो आहे. वारसाचे, रस्त्याचे, हरवलेल्या बैलाचे, सासरी न नांदवल्याचे. लोक बोलतात आणि मी त्या बोलण्याला कागदावर उभे राहायला शिकवतो. एटापल्लीकडूनही माणसे माझ्याकडे येत, कारण माझ्या हातचा अर्ज कारकून सहसा परत करीत नसे. एवढ्या वर्षांत गैरअर्जदाराच्या रकान्यात स्वतःचे नाव लिहिण्याची ही पहिलीच वेळ. लिहिताना अक्षर नेहमीसारखे आले नाही, हे मी येथेच नमूद करतो.

पुन्हा कार्तिक आला आहे. काल मी बोडीटोल्याला जाऊन आलो. शेतातले धान वाकले आहे, त्याचा तो गोडसर, थोडा धुळीचा वास वाटेवर येत होता. हवा उतरली आहे. उन्हाचा रंग उतरला आहे. फक्त पाणी उतरलेले नाही. तलाव काठोकाठ भरलेला, स्तब्ध, आणि काठावरची बाभळ कमरेइतक्या पाण्यात उभी. तिच्या खोडावर पूर्वी पाण्याच्या खुणांची वळी असत, दर आठवड्याला एक, जणू पाणी जाताना आपली सही करून जाई. यंदा खोडावर एकच रेघ आहे आणि ती पाण्याखाली आहे.

ज्यांनी हे दिवस पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगणे भाग आहे. आमच्याकडे पाऊस येतो त्याचे कौतुक सगळे करतात. पाणी जाते त्याचे कोणी करत नाही. दसऱ्यानंतर तलाव एकेक पाऊल मागे घेऊ लागतो. रोज सकाळी काठाला ओल्या मातीची नवी पट्टी उघडी पडलेली असते, काळी, मऊ, तिच्यावर रात्रीतून उमटलेली बगळ्यांची नक्षी. शिंपले, गोगलगायी, मुळांचा कुजका आणि तरीही वीट न आणणारा वास. उथळ झालेल्या पाण्यात गवत उभे असते आणि त्या गवतात मासोळ्यांची पिले दडलेली असतात. त्याच गवतात देवधान पिकते. देवधान म्हणजे कोणी न पेरलेला, आपोआप उगवणारा भात. नांगर लागलेला नसतो म्हणून आमच्या बायका ऋषिपंचमीच्या उपासाला तोच खातात. लोंबीला लांब तांबूस कुसळे, आणि दाणा असा की पिकल्याबरोबर झडतो. त्याला विळा लावायचा नाही, अशी ढिवरांची, म्हणजे येथल्या मासेमारांची, रीत आहे. डोंगा, म्हणजे लहान होडी, गवतात घालायचा, लोंब्या हाताने वाकवायच्या, टोपलीत झटकायच्या. टोपलीत पडेल ते आपले, पाण्यात पडेल ते पाण्याचे. पाण्याच्या वाट्याचे खाली चिखलात रुजते आणि पुढच्या वर्षी पुन्हा उभे राहते. या वाटणीचा कागद कधी झाला नाही, आणि तंटाही कधी झाला नाही. तंट्याचा अर्ज आला असता तर मलाच ठाऊक असते.

त्या वर्षीच्या कार्तिकात मुग्धा मॅडम माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. पाठीवर पिशवी, पायात चिखलाने भरलेले बूट, वय माझ्या मुलीएवढे. त्या कोकणातल्या, खाडीकाठच्या. समुद्र चढतो तेव्हा काठावरच्या जिवांचे काय होते, हे संगणकावर मांडण्याचे काम त्यांनी तिकडे केले होते, आणि आता तेच गणित आमच्या नदीला लावून पाहायला आल्या होत्या. नदीवर खालच्या अंगाला मोठा बंधारा झाला होता. त्याचे पाणी मागे मागे सरकत नाल्यातून आमच्या तलावांपर्यंत येणार, असे बोलले जात होते.

“काका, तुम्ही समुद्र पाहिलाय?” त्यांनी विचारले.

मला काका म्हणणारे कचेरीच्या आवारात कोणी नव्हते. मी म्हणालो, “समुद्रासंबंधी आमच्या तालुक्यातून आजवर एकही अर्ज आलेला नाही.”

त्या हसल्या आणि त्यांनी संगणक माझ्या टेबलावर, शिक्क्यांच्या डबीशेजारी उघडला. पडद्यावर एक खाडी होती. काठाने हिरवी पट्टी होती, ते कांदळवन. मॅडमनी एक कळ दाबली आणि निळा रंग हळूहळू चढू लागला. हिरवी पट्टी मागे सरकू लागली, जसे लोक पुरात पेट्या डोक्यावर घेऊन सरकतात. मग ती एका तांबड्या रेघेपाशी थांबली. रेघ म्हणजे रस्ता आणि घरे. निळा रंग मात्र थांबला नाही. हिरवी पट्टी दोहोंच्या मध्ये बारीक होत गेली, दोऱ्याएवढी झाली, आणि नाहीशी झाली.

“पाणी चढलं म्हणून कांदळवन मरत नाही, काका,” मॅडम म्हणाल्या. “ते मागे सरकतं. पण मागे सरकायला जागाच ठेवली नसेल, तर मरतं.”

चिंचेची दोन पाने पडद्यावर पडली होती, ती मी फुंकरीने उडवली. सत्तावीस वर्षांत मी भरपाईचे पुष्कळ अर्ज लिहिले. घर गेले, झाड गेले, जाळे गेले. पण काठ गेला, असा अर्ज मी कधी लिहिला नव्हता. काठाचा मालक कोण, हे मला माहीत नव्हते.

त्यांनी सांगितले की ही चित्रे म्हणजे भविष्य नव्हे, अंदाज आहे. जमिनीची उंची, पाण्याची पातळी, काठामागे काय बांधले आहे, आणि काठावर कोणते जीव राहतात, एवढे संगणकाला सांगावे लागते. पहिल्या तीन गोष्टी त्यांच्याकडे होत्या. चौथी गावकऱ्यांच्या तोंडून घ्यायची होती. त्यासाठी त्यांनी छापील तक्ते आणले होते. तिसऱ्याच दिवशी त्यांना तापाने गाठले. दवाखान्यात नेताना त्यांनी तक्त्यांचा गठ्ठा माझ्या हाती दिला. “तुमचं अक्षर मी पाहिलंय, काका. तुम्हीच भरा. जे सांगतील ते सगळं लिहा.”

मी ते कोरे तक्ते नव्या फाईलमध्ये घातले. खरे सांगायचे तर मला अभिमान वाटला होता.

बोडीटोल्याला जनाबाई काठावरच भेटल्या. गुडघाभर पाण्यात उभ्या राहून त्या गवतात लावलेली बांबूची ढिवरी तपासत होत्या. ढिवरी म्हणजे माशांना आत येऊ देणारा आणि बाहेर जाऊ न देणारा पिंजरा. मी पांढरा सदरा घातला होता, म्हणून कोरड्या बांधावर रुमाल पसरून बसलो.

“या ना भाऊ पान्यात! कोरड्यात बसून तलाव कसा लिवसान?”

“मी कागदावर लिहितो, जनाबाई. पाण्यावर नाही.”

“हव, आमी पान्यावर लिवतो. म्हनून तर आमचं कोनी वाचत नाई.”

आणि त्या सांगत गेल्या. मरळ, वाडीस, सिंगूर, दाडक, कोतरी. कोणता मासा गवतात पिले घालतो आणि कोणता मुळांशी. मरळीची पिले तांबड्या ठिपक्यांच्या थव्याने फिरतात आणि आई खालून राखण करते, त्या दिवसांत तिला धरायचे नाही. एकाच माशाची त्या दोन नावे सांगत होत्या, पिलू असतानाचे एक आणि मोठे झाल्यावरचे दुसरे. मी टोकले, “बाई, मघाशी तुम्ही वेगळे नाव सांगितले.”

“तुमाले लहानपनी पुंड्या म्हनत होते ना? आता शेंडे साहेब म्हन्तेत. मानूस तर तोच आहे.”

पलीकडे पोवनाची पाने, म्हणजे कमळासारखीच पण लहान, पाण्यावर पसरली होती. त्यांवरून लांब बोटांचा एक पक्षी बोटे उचलत, ठेवत चालला होता. पान जरासे दबे आणि पुन्हा वर येई. “हा पाहा,” त्या म्हणाल्या, “हा पानावरच अंडे देते. पान गेलं का हा गेला. हे बी लिवा.” मग देवधान. त्यांनी एक लोंबी वाकवून माझ्याकडे धरली. “माहा बुढा गेला तेव्हा त्याच्या तोंडात याचेच दाने घातले होते. हे बी लिवा.”

उन्हे डोक्यावर आली तरी त्या सांगतच होत्या. आणि माझ्या हातातील तक्त्यात एक रकाना होता : ‘काठावरील मासे, पक्षी व वनस्पती. पुरावा असल्यास जोडावा.’

मी विचारले, “या सगळ्याला काही पुरावा?”

“कसला पुरावा?”

“दाखला, नोंद, फोटो, पावती. सरकारदप्तरी काही?”

त्यांनी पाण्यातला आपला पाय उचलला. पोटरीला बारीक हिरवे शेवाळ चिकटले होते. “हा पाय आहे ना. पन्नास वर्सं यातच आहे.”

आता माझ्या धंद्याची शिस्त सांगतो. पुराव्याशिवाय केलेले विधान अर्जदाराला बुडवते. एक गोष्ट सिद्ध झाली नाही की साहेब बाकीच्या नऊ गोष्टींवरही रेघ मारतात. त्यातून साक्षीत एकाच माशाची दोन नावे आली, तर उलटतपासणीत साक्ष फुटते. आणि रकाना कोरा ठेवला तर अर्ज अपूर्ण म्हणून परत येतो. म्हणून मला शिकवणाऱ्या अर्जनवीसाने पहिल्याच दिवशी सांगितले होते, जेथे पुरावा नाही तेथे ‘निरंक’ लिहावे. निरंक, म्हणजे काहीही नाही. हा शब्द मी हजारो वेळा लिहिला असेन. त्याने कधी कोणाचे वाईट झाले नव्हते.

मी निरंक लिहिले. जनाबाईंना राखण्यासाठी लिहिले, असे मला तेव्हा मनापासून वाटत होते. खाली त्यांचा अंगठा घेतला. ओल्या बोटामुळे शाई पसरली म्हणून मी तो दुसऱ्यांदा घेतला.

“माहं सारं लिवलं ना भाऊ?”

“सर्व व्यवस्थित नमूद केले आहे.”

“येवढ्याशा जागेत?”

“शासकीय भाषा संक्षिप्त असते, जनाबाई.”

त्यांनी ढिवरीतून दोन सिंगूर काढून पळसाच्या पानात बांधून दिले. ते मी घरी नेले. रात्री जेवताना घरच्यांना सांगितले की संशोधनाच्या कामात माझाही हात आहे. आजूबाजूच्या पाच गावांत मी तसेच तक्ते भरले आणि गठ्ठ्याला दोरी बांधून मॅडमच्या पत्त्यावर टपालाने पाठवला.

त्यानंतर दोन कार्तिक गेले. बंधाऱ्याचे दरवाजे पावसाळा संपताच बंद होतात आणि पाणी नाल्यातून उलटे चढून तलावात येऊन बसते. मागील वर्षी देवधान पाण्याबरोबर उंच होत राहिले. ते त्याला जमते, काही मर्यादेपर्यंत. मग मर्यादा संपली. या वर्षी काठाशी उभे राहिलो तर गवताऐवजी नुसते पाणी, आणि पाण्यावर बेशरमाच्या, म्हणजे कोठेही माजणाऱ्या रानझुडपाच्या, फांद्या. पूर्वी या वेळी काठावर इतके आवाज असत की माणसाला मोठ्याने बोलावे लागे. काल मला माझ्या चपलेचा आवाज ऐकू येत होता.

लालसू दादा बांधावर शेळ्या घेऊन बसले होते. त्यांचे घर तलावाच्या वरच्या अंगाला, झुडपी जंगलाच्या कडेला. मी म्हणालो, “दादा, पूर्वीही मोठे पावसाळे झाले. तेव्हा देवधान कसे वाचले?”

“तवा थे वर चालत येत होता,” त्यांनी काठीने मागची चढण दाखवली. “पानी जास्त, तं झुडपीत येत होता. पानी कमी, तं खाली जात होता. गायीवानी. चरून घरी.”

चढणीवर आता झुडपी नव्हती. बांध घातलेली शेते होती आणि त्यांच्या अलीकडे मुरुमाचा उंच रस्ता होता.

“आता कुठी येईन?” दादा म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता, “रस्त्याचा अर्ज तूच लिवला होतास ना, पुंडलिक?”

होय. रस्त्याचा अर्ज मीच लिहिला होता. झुडपी जंगलाची जमीन शेतीसाठी मिळावी म्हणून केलेले अर्जही माझ्याच हातचे. ‘सदर जागा पडीक व निरुपयोगी आहे’, हे वाक्य माझे, आणि ते इतके गाजले होते की इतर अर्जनवीस उतरवून घेत. लोकांना शेत हवे होते, बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला रस्ता हवा होता. ती माणसे खोटी नव्हती. परंतु मॅडमच्या पडद्यावरची तांबडी रेघ मी आमच्या गावात आधीच ओढून ठेवली होती, आणि समुद्र पाहिला नाही म्हणून मला ती ओळखता आली नाही.

गेल्या आठवड्यात कचेरीच्या व्हरांड्यात नकाशा लागला. मॅडमच्या गणितावरून केलेला. बंधाऱ्याचे दरवाजे कधी उघडायचे, कोणत्या तलावाचे पाणी कार्तिकात उतरू द्यायचे, हे आता या नकाशावरून ठरणार आहे. ज्या काठांवर जीव नोंदलेले आहेत ते हिरवे. तेथले पाणी वेळेवर उतरू दिले जाईल. हरकती महिनाअखेरपर्यंत लेखी द्यायच्या. बाजाराचा दिवस होता. बंगाली निर्वासितांच्या कॅम्पातून मासळी घेऊन आलेली माणसे टोपल्या खाली ठेवून नकाशा पाहत होती. त्या गर्दीत जनाबाईही होत्या.

“शेंडे भाऊ, यात आमचा तलाव कोन्ता?”

मी बोट ठेवले.

“आन् हा हिरवा?”

“तो दुसऱ्या तालुक्यातला. त्यांनी तक्ते भरून दिले होते.”

“आमी बी देल्ले. तुमीच देल्ले.” त्यांनी डोळे बारीक केले. “मंग आमचा पांढरा काऊन?”

आमच्याच नव्हे, मी तक्ते भरलेल्या सहाही गावांचे काठ पांढरे होते. नकाशाच्या कोपऱ्यात रंगांचे अर्थ दिले होते आणि पांढऱ्या चौकोनापुढे छापले होते, ‘नोंद निरंक’. मी तो शब्द वाचला आणि पुढे वाचवेना. मागे कोणीतरी म्हणाले, “सांगा ना साहेब, बुढी इचारून राह्यली.”

मी मॅडमना फोन लावला. त्यांना माझा आवाज ओळखायला वेळ लागला. मी सांगितलेले सारे त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “मला वाटलं होतं तिथे खरंच काही उरलं नसेल. मी परत यायला हवं होतं, काका. संगणकाला आपण जे नाही म्हणतो, ते तो नाही धरतो.” त्यांनी मला दोष दिला नाही. तो दिला असता तर मला उत्तर देता आले असते.

जनाबाईंना मी तेथेच, व्हरांड्यात, सर्वांसमक्ष सांगितले. त्या दिवशी तुम्ही जे बोललात त्यातील एकही शब्द मी लिहिला नाही. तुम्ही अंगठा दिलात तो ‘येथे काही नाही’ या वाक्याखाली दिलात.

मला वाटले त्या शिव्या देतील. त्यांनी फक्त आपला अंगठा पाहिला, पदराला पुसला.

“म्हन्जे मीच सांगतलं, का माह्या तलावात काई नाई?”

“कागदावर तसेच आहे.”

“आन् मी घरी जाऊन सुनेले सांगतलं होतं, भाऊनं सारं लिवलं म्हनून.”

एवढे बोलून त्या टोपली उचलून गेल्या. मासळी विकायची राहिली होती.

काल मी गेलो तो त्यांचे बोलणे नव्याने लिहून घेण्यासाठी. या वेळी सदरा काढून पाण्यात उतरलो. पाणी छातीला लागले, म्हणून मागे आलो; तो काठ आता उभे राहण्याचा राहिलेला नाही. जनाबाई बांधावर बसून सांगत होत्या आणि मी लिहीत होतो. परंतु तीन वर्षांपूर्वी त्या ‘आहे’ म्हणत होत्या. काल प्रत्येक नावापुढे ‘होता’ येत होते. दोनदा त्या मध्येच थांबल्या, एका माशाचे नाव त्यांना आठवेना. “दिसत नाई तं तोंडातून बी जाते भाऊ,” म्हणाल्या. ते नाव त्यांनी त्या दिवशी सांगितले होते, एवढे मला स्मरते. कोणते, ते स्मरत नाही. ते आता कोठेच नाही.

निघताना त्या घरात गेल्या आणि मडक्यातून देवधानाची एक मूठ घेऊन आल्या. कुसळांसकट, शेवटच्या पिकलेल्या वर्षाचे. “तुमाले पुरावा पायजे होता ना. हे जोडा कागदाले. पर सांगा त्याईले, हे बियानं आहे. पाह्यलं का वापस द्या. पानी उतरलं तं टाकाले लागन.”

सबब विनंती :

बोडीटोल्याच्या तलावाच्या उगवतीकडील काठासंबंधी मी भरलेली ‘निरंक’ ही नोंद चुकीची असून ती माझी आहे. त्याखालील अंगठा अर्जदाराचा असला तरी विधान अर्जदाराचे नाही. ती रद्द करून सोबतची सात पाने तेथे दाखल करावीत. माझ्या हातच्या इतर पाच गावांच्या नोंदीही पुन्हा तपासाव्यात. नकाशात हा काठ पांढरा ठेवू नये. पुढील कार्तिकात या तलावाचे पाणी उतरू द्यावे, आणि त्याला व त्यातील गवताला मागे-पुढे होण्यापुरती चढणीवरची जागा सोडावी. ती जागा निरुपयोगी असल्याचे माझे पूर्वीचे सर्व लेखन मी या अर्जाने मागे घेतो.

सोबत : देवधान, एक मूठ. हे परत करावयाचे आहे.

उत्तर लेखी द्यावे. ते मी बोडीटोल्याला जाऊन जनाबाईंना शब्दशः वाचून दाखवीन. नकार असेल तर तोही वाचीन. संक्षिप्त करणार नाही.

खाली सही गैरअर्जदाराची आहे. अर्जदाराचा अंगठा या वेळी मी मागितला नाही. उत्तर आल्यावर, वाचून दाखविल्यानंतर, त्यांना वाटले तर त्या देतील.